संप कधी संपला?

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' हे २००४ सालचं पुस्तक म्हणजे गिरणगावातल्या माणसांच्या आठवणींतून सांगितलेली मुंबई. बंदरातून कापूस गेला, पैसा आला, गिरण्या उभ्या राहिल्या, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. पण रत्नागिरीहून बोटीनं आलेल्या माणसाच्या लेखी बंदर म्हणजे तो वळकटी घेऊन उतरला तो धक्का. त्याचा इतिहास तिथून सुरू होतो.

आता आमच्यासारख्यांची अडचण. नैयायिक स्मृतीला प्रमा मानत नाहीत. एकदा अनुभवलेलंच ती पुन्हा समोर ठेवते, नवं काही कळवत नाही. मग अशा पुस्तकाला इतिहास कसं म्हणायचं?

गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आणि संपला कधी? तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कागदाला आरंभ ठाऊक आहे, शेवट नाही. शेवट आहे तो घराघरांत. कुणी सहा महिन्यांनी कामावर गेला, त्याचा तेव्हा संपला. कुणी गावी गेला तो परतलाच नाही. बायकोनं खाणावळ चालवून घर धरलं असेल, तर तिची तारीख आणखी वेगळी. इथे स्मृती जुनं उगाळत नाही. जे कुठेच नोंदलेलं नाही तेच ती सांगते. नैयायिकांशी भांडायला मला एवढं पुरे आहे.

म्हणून आठवण खरीच असते असं नाही हं! इटलीतल्या तेर्नी गावात एक कामगार १९४९ मध्ये पोलिसांच्या गोळीनं मेला. गावकरी मात्र तो १९५३ च्या कामगारकपातीत मेला म्हणून सांगायचे. आलेस्सांद्रो पोर्तेल्लीनं ही चूक खोडली नाही, लोकांना ती का करावीशी वाटली हे शोधलं.

आपल्याकडे 'गिरणगावात सगळे एक होतो' हे वाक्य असंच तपासायला हवं. धोट्यात दोरा तोंडानं ओढून घ्यावा लागे, म्हणून दलितांना साचेखात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. एकीची आठवण खोटी नाही, पण ती कोण सांगतोय आणि तो कुठल्या खात्यात होता, हे आधी विचारा. शंभर आवाजांचा एकच आवाज करायचा मोह लेखिकांनी टाळला, हे मला या पुस्तकाचं बळ वाटतं. वाचणारे मात्र त्याची हळहळ करून टाकतात. चाळ, भजन, सणवार, आणि आता तिथे मॉल!

माझी भूक वेगळी आहे. संप चालू असताना जो फाटकातून आत गेला, पोरांसाठी म्हणा, भीतीनं म्हणा, त्याला बोलतं करायला हवं. तोही आता म्हातारा झाला असेल. चाळीत त्याच्याशी कोण बोलत होतं, कोण नव्हतं, हे त्याला अजून नावानिशी आठवत असणार.