चिंच पिकली की अँटिऑक्सिडंट ‘कमी’ होतात? आधी छेद बघा

पीएचडीसाठी विषय शोधताना एक साचा हमखास समोर येतो: अमुक फळ पिकताना त्यातले अँटिऑक्सिडंट कसे बदलतात. भूमध्य समुद्राकाठच्या कॅरोब या शेंगेवर असं काम बरंच झालंय. कॅरोबची हिरवी शेंग टॅनिनमुळे कमालीची तुरट असते. पिकून तपकिरी झाली की गोड होते आणि त्यातली फिनॉलिक द्रव्यं घटलेली दिसतात. कॅरोब आपल्या वऱ्हाडात नाही, पण धुऱ्यावर चिंच आहे आणि तीही शेंगच. मग कॅरोबच्या जागी चिंच टाकून सिनॉप्सिस लिहायचा मोह होतो. अमरावती विद्यापीठात जा की अकोल्याच्या कृषी विद्यापीठात, अशा विषयावर दोन-तीन वर्षं घालवण्याआधी या साच्यातल्या कच्च्या जागा बघून घ्या.

पहिली जागा: ‘कमी’ म्हणजे कशामागे कमी?

हिशेबासाठी काल्पनिक आकडे घेऊ. कच्च्या चिंचेच्या गरात पाणी 80 टक्के आणि 100 ग्रॅम ओल्या गरात फिनॉल 400 मिलिग्रॅम. पिकल्यावर पाणी 20 टक्के आणि फिनॉल 800 मिलिग्रॅम. ओल्या वजनावर फिनॉल दुप्पट झाले. आता कोरड्या वजनावर मांडा. कच्च्यात 20 ग्रॅम कोरड्या भागात 400, म्हणजे ग्रॅमला 20 मिलिग्रॅम. पिकल्यात 80 ग्रॅममध्ये 800, म्हणजे ग्रॅमला 10. निष्कर्ष उलटला: निम्मे झाले!

अजून एक पायरी. एका कच्च्या शेंगेत कोरडा गर 2 ग्रॅम आणि पिकलेल्या शेंगेत 6 ग्रॅम धरा. मग शेंगेमागे फिनॉल आधी 40 मिलिग्रॅम, नंतर 60. म्हणजे झाडाने फिनॉल नष्ट केले नाहीत, उलट थोडे वाढवले. साखर त्याहून जास्त भरली म्हणून प्रमाण खाली आलं. छेद तीन, उत्तरं तीन. पेपरमध्ये एकच छेद असेल आणि चर्चेत ‘फिनॉलचं विघटन झालं’ असं लिहिलं असेल, तर ते वाक्य आकड्यांतून आलेलं नाही.

दुसरी जागा: चाचणी नेमकं काय मोजते?

फोलिन-सिओकाल्ट्यू अभिकारक 1927 साली आला तो प्रथिनांमधली टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन मोजायला. सिंगलटन आणि रॉसी यांनी 1965 साली वाइनमधल्या फिनॉलसाठी त्याची पद्धत बसवली. हा अभिकारक क जीवनसत्त्वाशीही रंग देतो आणि काही प्रमाणात रिड्युसिंग शर्करांशीही. पिकलेल्या चिंचेत तर अशाच शर्करा भरपूर. (कॅरोबमध्ये मुख्यतः सुक्रोज असते, म्हणून तिथली पद्धत इथे डोळे मिटून चालत नाही.) डीपीपीएचमध्ये जांभळा रंग 517 नॅनोमीटरवर उतरताना मोजतात. चिंचेचा अर्क आंबट, आणि मिथेनॉलमध्ये आम्ल असलं की ही अभिक्रिया मंदावू शकते. अर्काचा सामू न सांगता दिलेला आकडा कसा वाचायचा?

शिवाय पिकताना टॅनिनचे रेणू एकमेकांना किंवा पेशीभित्तिकेला घट्ट चिकटू शकतात. मग जिभेला तुरटपणा लागत नाही आणि मिथेनॉलमध्येही ते उतरत नाहीत. अर्कात न आलेलं द्रव्य गरात नाहीच, असं म्हणता येत नाही. उरलेल्या चोथ्याचं काय झालं, हे पेपरमध्ये शोधा.

तिसरी जागा: ‘अर्धपक्व’ म्हणजे कधी?

बऱ्याच पेपरांत कच्चं, अर्धपक्व, पक्व एवढे तीन शब्द असतात आणि रंग सांगितला की झालं. इथे आपली बोली जास्त काटेकोर आहे. कोवळे ते आकडे. टरफल गरापासून सुटलं पण गर पुरता वाळला नाही, ती गाभुळलेली. गाभुळणं ही डोळ्यांनी आणि बोटांनी तपासता येणारी खूण आहे. तिच्यासोबत फूल धरल्यापासूनचे दिवस आणि ओलाव्याची टक्केवारी नोंदवा. मग दुसऱ्या कुणालाही तोच टप्पा पुन्हा गाठता येईल.

आणि शेवटचा परिच्छेद

‘म्हणून हे फळ आरोग्यदायी आहे’ हा समारोप तर ठरलेलाच. अमेरिकेच्या कृषी खात्याने 2012 साली आपली ओरॅक मूल्यांची यादी संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण परीक्षानळीतला आकडा शरीरातला परिणाम सांगत नाही. त्यानंतरही हे वाक्य लिहिलं जातंच.

याचा अर्थ विषय टाकाऊ आहे असा नाही. कॅरोबची तुरटी जाते हे खरं आहे, आणि ती कशी जाते हा प्रश्न चांगलाच आहे. पण मग सिनॉप्सिसमध्ये तोच प्रश्न लिहा: टॅनिन विरळ होतात, बांधले जातात की खरंच मोडतात? त्यासाठी शेंगेमागचा हिशेब, चोथ्याची तपासणी आणि एचपीएलसीवर एकेक द्रव्य वेगळं करणं लागेल. काम वाढेल, नमुने कमी घ्यावे लागतील. पण व्हायवाला ‘यात नवीन काय?’ असं विचारलं, तर ‘फळ नवीन आहे’ एवढंच सांगायची वेळ येणार नाही.