करुणाचे आश्वासन : सातव्या पिढीतील व्हिडिओ गेम ट्रेलरांचा पुनर्विचार

प्रस्तावना

व्हिडिओ गेमच्या चर्चेत ट्रेलरला सहसा स्वतंत्र स्थान दिले जात नाही. खेळ बाजारात आला की ट्रेलरचे प्रयोजन संपले, असे गृहीत धरले जाते. वास्तविक ट्रेलर हीदेखील एक संहिता आहे. तिला स्वतःचा आशय, रचना आणि प्रेक्षक असतो. प्रस्तुत लेखात कन्सोलच्या सातव्या पिढीतील काही निवडक ट्रेलरांचा पुनर्विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. ही पिढी नोव्हेंबर २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० पासून सुरू झाली. सोनीचे प्लेस्टेशन ३ आणि निन्टेन्डोचे वी हे कन्सोल नोव्हेंबर २००६ मध्ये आले. नोव्हेंबर २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आले आणि ही पिढी मागे पडली.

या कालखंडाची निवड सहेतुक आहे. यूट्यूब २००५ साली सुरू झाले. त्यापूर्वी ट्रेलर प्रामुख्याने व्यापारी प्रदर्शनांत किंवा मासिकांसोबत मिळणाऱ्या सीडीवर पाहिले जात. आता ज्याच्या घरी कन्सोल नाही, असा माणूसही तेच ट्रेलर पुनःपुन्हा पाहू लागला. ट्रेलर खऱ्या अर्थाने सार्वजनिक झाले ते याच काळात. त्यामुळे ‘ट्रेलरने दिलेले वचन खेळाने पाळले का?’ हा प्रश्नही याच काळात तीव्र झाला. हा प्रश्न बहुधा चित्राच्या दर्जापुरता विचारला गेला. तो भावाच्या आणि क्रियेच्या अंगानेही विचारला पाहिजे, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

प्ररोचना आणि ट्रेलर

संस्कृत नाट्यशास्त्रात ‘प्ररोचना’ ही संज्ञा आहे. प्रयोगाच्या आरंभी कवीची व कृतीची प्रशंसा करून प्रेक्षकाचे मन नाटकाकडे वळविणे, हे तिचे कार्य होय. आपल्या कीर्तनपरंपरेतही पूर्वरंगात मांडलेला विचार उत्तररंगातील आख्यानाने पुष्ट होतो. दोन्ही ठिकाणी आधीचे आणि नंतरचे एकाच बैठकीत, एकाच प्रेक्षकासमोर घडते. वचन आणि वचनपूर्ती यांत अंतर फार नसते.

ट्रेलरच्या बाबतीत हे अंतर अनेक महिन्यांचे, प्रसंगी अनेक वर्षांचे असते. पुष्कळदा ट्रेलर घडविणारे आणि खेळ घडविणारे हात वेगळे असतात. शिवाय माध्यमही बदलते. ट्रेलर पाहायचा असतो, तर खेळ खेळायचा असतो. प्ररोचना नाटकाचीच आणि नाट्याच्याच भाषेत होत असे; ट्रेलर मात्र चित्रपटाच्या भाषेत खेळाची प्रशंसा करतो. या माध्यमभेदातच पुढील प्रश्नांचे मूळ आहे.

दृश्याचे वचन

मे २००५ मध्ये लॉस एंजेलिस येथील ई३ प्रदर्शनाच्या निमित्ताने सोनीने ‘किलझोन २’ चा ट्रेलर दाखविला. शत्रूच्या ग्रहावर उतरणारी सैनिकांची याने, धूर, स्फोट आणि सैनिकाच्या डोळ्यांनी दिसणारी धुमश्चक्री असे त्याचे स्वरूप होते. हे प्रत्यक्ष खेळाचे दृश्य आहे, असा अनेकांचा समज झाला. प्रत्यक्षात ते संगणकावर आगाऊ तयार केलेले चित्रीकरण होते; खेळ कसा दिसावा याचा तो केवळ आदर्श होता. हे उघड झाल्यावर पुढील कित्येक वर्षे हा ट्रेलर फसवणुकीचे उदाहरण म्हणून सांगितला गेला.

आज मागे वळून पाहताना या ट्रेलरविषयीचे मत थोडे बदलावे लागते. ॲमस्टरडॅमच्या गुरिला गेम्सने घडविलेला हा खेळ फेब्रुवारी २००९ मध्ये आला, तेव्हा तो त्या आदर्शाच्या बराच जवळ गेलेला दिसला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ट्रेलरमध्ये सैनिक जे करीत होता तेच खेळाडूलाही करावयाचे होते. चित्र उसने होते, पण क्रिया आणि भाव खेळाचेच होते. हे वचन उशिरा का होईना, बव्हंशी पाळले गेले.

याच पिढीच्या अखेरीस आलेल्या ‘एलियन्स : कलोनियल मरीन्स’ (२०१३) या खेळाचे तसे झाले नाही. ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाकडे तक्रार गेल्यावर, ट्रेलरमधून अंतिम खेळाचे अचूक दर्शन घडत नव्हते, हे सेगाने मान्य केले. अशा प्रकरणांत निवाडा करणे तुलनेने सोपे असते, कारण दोन चित्रे शेजारी ठेवून त्यांतील फरक दाखविता येतो. भावाच्या वचनाबाबत ही सोय नसते.

भावाचे वचन

एपिक गेम्सच्या ‘गिअर्स ऑफ वॉर’ (२००६) ची एक मिनिटाची जाहिरात जोसेफ कोसिन्स्की यांनी दिग्दर्शित केली होती. उद्ध्वस्त नगरीतून एकटा फिरणारा मार्कस फिनिक्स, भग्न पुतळा, पाठलाग आणि शेवटी अंधारातून पुढे येणारे अजस्र श्वापद, एवढेच तिचे कथानक आहे. पार्श्वभूमीला गॅरी ज्यूल्स यांच्या आवाजातील ‘मॅड वर्ल्ड’ हे संथ, विषण्ण गीत आहे. विशेष म्हणजे ही दृश्ये खेळाच्याच अनरियल इंजिनाच्या आधारे घडविलेली होती. म्हणजे ‘किलझोन २’ वरील आक्षेप येथे लागू होत नाही. चित्र खेळाच्या घरचे होते; एकाकीपण मात्र बाहेरून आणलेले होते. प्रत्यक्ष खेळात सोबती असतात, आडोसा आणि गोळीबार यांची लय असते, करवत जोडलेल्या बंदुकीचा उन्माद असतो. शोकासाठी थांबायला तेथे फारशी जागा नाही.

‘हेलो ३’ च्या ‘बिलीव्ह’ (२००७) या मोहिमेत आणखी वेगळा मार्ग पत्करला गेला. रणभूमीची एक भव्य प्रतिकृती लहान लहान मूर्तींनी उभारण्यात आली आणि शोपँच्या पियानोवादनाच्या साथीने कॅमेरा तिच्यावरून फिरविण्यात आला. पडलेले सैनिक, भयचकित चेहरे आणि अखेरीस नायक मास्टर चीफ असा तो प्रवास आहे. सोबतच्या चित्रफितींत वृद्ध सैनिक संग्रहालयात उभे राहून त्या युद्धाच्या आठवणी सांगतात. जे युद्ध खेळाडूने अजून खेळलेलेच नाही, त्याचे स्मारक त्याला आधी दाखविले जाते. या मोहिमेला २००८ च्या कान लायन्स महोत्सवात ग्राँ प्री मिळाली. ही निर्जीव प्रतिकृती कोणीही खेळाचे दृश्य समजणार नाही. त्या अर्थाने ती पूर्ण प्रामाणिक आहे. तरीही येथील भारलेली शोकगंभीरता खेळात कितपत उतरते, हा प्रश्न उरतोच.

या परंपरेचे टोक म्हणजे फेब्रुवारी २०११ मध्ये आलेला ‘डेड आयलंड’ चा ट्रेलर. खेळ पोलंडच्या टेकलँडचा, तर ट्रेलर स्कॉटलंडमधील ॲक्सिस ॲनिमेशनचा. पर्यटकांच्या हॉटेलबाहेर हिरवळीवर एक लहान मुलगी मृत पडलेली आहे. तेथून काळ उलटा वाहू लागतो. मुलगी जमिनीवरून वर जाते, फुटलेल्या खिडकीतून खोलीत शिरते आणि वडिलांजवळ पोहोचते. मधूनमधून सरळ काळातील तुकडे येतात. त्यांत हीच मुलगी जिवाच्या आकांताने मार्गिकेतून धावत असते आणि मागे चालत्या प्रेतांचा जमाव असतो. जाइल्स लॅम्ब यांचे संगीत हे दोन्ही प्रवाह जोडते. अखेरीस बाप आणि लेक यांचे हात एकमेकांकडे झेपावतात आणि मग सुट्टीवर आलेल्या या कुटुंबाची आनंदी चित्रफीत दिसते. या ट्रेलरलाही कान येथे सुवर्ण लायन मिळाला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खेळ आला. त्यात शस्त्रे गोळा करणे, ती सुधारणे, गुण मिळवून पात्राची शक्ती वाढविणे आणि मित्रांसह प्रेतांचा संहार करणे, हे मुख्य व्यवहार होते. खेळ म्हणून तो रंजक होता आणि अनेकांना आवडलाही. पण ते कुटुंब, तो शोक त्याच्या केंद्रस्थानी नव्हता.

मृत्यू : दोन व्याकरणे

वरील तिन्ही उदाहरणांत आकर्षणाचे केंद्र करुण रस आहे, हा योगायोग नव्हे. भरतमुनींनी करुण आणि विप्रलंभ शृंगार यांत केलेला भेद येथे उद्बोधक ठरतो. विरहात पुनर्मीलनाची आशा शिल्लक असते, म्हणून तो विप्रलंभ. जेथे ती आशा सर्वस्वी संपते, तेथे करुण. म्हणजे हानी परत न फिरणारी असणे, ही करुणाची अट आहे.

आता ‘डेड आयलंड’ मधील मृत्यूचा नियम पाहावा. खेळाडूचे पात्र मेले की त्याच्याजवळील काही रक्कम कमी होते आणि काही क्षणांत ते जवळपास पुन्हा उभे राहते. ‘हेलो ३’ आणि ‘गिअर्स ऑफ वॉर’ मध्येही एकट्याने खेळताना मेलेला खेळाडू शेवटच्या टप्प्यावरून पुन्हा सुरुवात करतो. हा दोष नाही. चुकणे, शिकणे आणि पुन्हा प्रयत्न करणे ही या खेळांची मूलभूत रीतच आहे. परंतु जेथे मृत्यूची किंमत थोडे पैसे किंवा थोडा वेळ एवढीच आहे, तेथे नायकाच्या मृत्यूतून करुण निर्माण होऊ शकत नाही. तेथे फार तर चीड येईल किंवा ईर्ष्या जागी होईल.

येथे एक मार्मिक विरोध लक्षात येतो. ट्रेलरमध्ये काळ उलटा फिरतो, तरी मुलगी वाचत नाही. उलट तिचे वाचणे अशक्य आहे, हेच त्या उलट्या गतीने अधिक ठसते. खेळात काळ उलटा फिरत नाही, तरी मेलेला उठून उभा राहतो. ट्रेलर आणि खेळ यांतील खरे अंतर चित्राच्या रेखीवपणात नसून मृत्यूच्या या दोन व्याकरणांत आहे.

एक आक्षेप

ट्रेलर ही स्वतंत्र कलाकृती असेल तर तिला खेळाच्या मापाने का मोजावे, असा आक्षेप घेता येईल. त्यात तथ्य आहे. ‘डेड आयलंड’ चा ट्रेलर आज लघुपट म्हणून पाहिला तरी त्याची परिणामकारकता कमी होत नाही. शिवाय ट्रेलरचा भाव कालांतराने खेळात शिरल्याचे उदाहरणही आहे. ‘गिअर्स ऑफ वॉर ३’ (२०११) मध्ये मार्कसचा जिवलग सोबती डॉम आत्मबलिदान करतो. त्या प्रसंगी ‘मॅड वर्ल्ड’ ची धून वाजते. पाच वर्षांपूर्वी जाहिरातीने उचल घेतलेल्या शोकाची ही जणू परतफेड होती. डॉम परत येत नाही, म्हणून तो शोक खरा वाटतो.

मात्र हा प्रसंग घडतो तेव्हा खेळाडूच्या हातात काहीही नसते. तो केवळ पाहतो. म्हणजे करुण खेळात आला तो खेळ थांबवून, चित्रपटाच्या रूपानेच आला. त्यामुळे वरील प्रतिपादनाला बाध येत नाही. शिवाय ट्रेलर स्वतंत्र असला तरी त्याच्या अखेरीस खेळाचे नाव आणि विकत घेण्याचे आवाहन असते. आपल्या शोकाची किंमत त्या नावाच्या खात्यात जमा होते. म्हणून जाब विचारणे अप्रस्तुत ठरत नाही.

क्रियेचे वचन

याहून वेगळा मार्गही याच पिढीत उपलब्ध होता. सप्टेंबर २००५ मध्ये टोकियो गेम शोमध्ये निन्टेन्डोचे सातोरू इवाता यांनी पुढे ‘वी’ या नावाने आलेल्या कन्सोलचा नियंत्रक सादर केला. त्या वेळच्या चित्रफितीत खेळाचे एकही दृश्य नव्हते. पडद्याकडे पाहत हातवारे करणारी निरनिराळ्या वयांची माणसे तेवढी दिसत होती. कॅमेरा खेळावरून खेळाडूकडे वळला होता. वचन होते ते हाताच्या हालचालीचे.

व्हाल्व्हच्या ‘पोर्टल’ (२००७) चा २००६ मधील ट्रेलरही याच जातीचा आहे. एका भिंतीत शिरून दुसऱ्या भिंतीतून बाहेर पडता येते, हा खेळाचा नियम तो टप्प्याटप्प्याने करून दाखवितो. प्रेक्षकाच्या मनात ‘आता काय होईल?’ याऐवजी ‘मी हे कसे करीन?’ हा प्रश्न उभा राहतो. ही खरी खेळाच्या भाषेतील प्ररोचना होय.

या विचाराचे प्रयोजन

भारतात प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये सुमारे ४० हजार रुपयांना उपलब्ध झाला. सामान्य मध्यमवर्गीय घराला ही किंमत परवडणारी नव्हती. येथील अनेक तरुणांसाठी ट्रेलर ही प्रस्तावना नव्हती. तीच संपूर्ण कृती होती. त्यांनी ‘डेड आयलंड’ पाहिला, खेळला नाही. त्यांच्या स्मृतीत तो आजही एका मुलीच्या मृत्यूची कथा आहे.

काळाच्या ओघात उर्वरित जगही त्याच जागी येत आहे. ‘किलझोन २’ ची ऑनलाइन सेवा मार्च २०१८ मध्ये, तर एक्सबॉक्स ३६० वरील ‘हेलो’ खेळांची जानेवारी २०२२ मध्ये बंद झाली. एक्सबॉक्स ३६० चे ऑनलाइन दुकान जुलै २०२४ मध्ये मिटले. जुनी यंत्रे नादुरुस्त होत जातात, ट्रेलर मात्र एका क्लिकवर उपलब्ध राहतात. उद्याचा अभ्यासक या पिढीकडे ट्रेलरांतूनच पाहील, तर तिचे खेळ शोकमग्न आणि चिंतनशील होते, असा त्याचा समज होण्याचा धोका आहे.

निष्कर्ष

१. सातव्या पिढीतील ट्रेलर दृश्य, भाव आणि क्रिया अशी तीन प्रकारची वचने देतात. नियम व तक्रारी यांचा रोख प्रामुख्याने पहिल्या प्रकारावर राहिला.

२. चित्र खरे असूनही भाव उसना असू शकतो (‘गिअर्स ऑफ वॉर’) आणि चित्र उसने असूनही क्रिया खरी असू शकते (‘किलझोन २’).

३. या काळातील सर्वाधिक गौरविलेल्या ट्रेलरांनी परत न फिरणाऱ्या मृत्यूचा करुण चित्रपटाकडून घेतला. पुनःपुन्हा जिवंत होण्यावर उभ्या असलेल्या खेळांना तो पेलणारा नव्हता.

४. ट्रेलर जतन करताना त्यासोबत प्रत्यक्ष खेळल्याचे चित्रणही जतन होणे आवश्यक आहे. पूर्वरंग तेवढा राहिला आणि उत्तररंग हरवला, तर कीर्तन कशाचे होते हे पुढच्यांना कळणार नाही.