फिरऔनचे नाव, तौहीदचा सूर

सॅक्सोफोन आम्हा वरणगावकरांना माहीत आहे तो लग्नाच्या बँडमुळे. त्यावर सिनेमातली गाणी वाजतात, वरात नाचते. हेच वाद्य किंकाळी फोडू शकते आणि त्या किंकाळीत इबादतीचा भाव असू शकतो, हे फॅरो सँडर्स या अमेरिकन कलावंताने दाखवले.

फॅरो म्हणजे फिरऔन. मूळ नाव फॅरेल सँडर्स. जन्म १३ ऑक्टोबर १९४०, आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे. १९६५ पासून १९६७ पर्यंत, म्हणजे जॉन कोल्ट्रेन यांच्या निधनापर्यंत, ते कोल्ट्रेन यांच्या सोबतीने वाजवत होते. ताल-सुरांची आधी ठरलेली चौकट मोडून वाजवण्याच्या या रीतीला 'फ्री जाझ' म्हणतात. एका फुंकरीत अनेक स्वर फाटून बाहेर पडावेत, असा सँडर्स यांचा नाद. पुष्कळांनी त्याला गोंगाट ठरवले.

गोंगाट आणि आर्त हाक यांतला फरक त्याआधीच्या शांततेवरून कळतो, असे आम्हास वाटते. नोव्हेंबर १९६६ मध्ये मुद्रित झालेल्या त्यांच्या तबकडीचे नाव 'तौहीद'. तिची पहिली रचना सोळा मिनिटांची. गिटार, पियानो, बास आणि तालवाद्ये सावकाश जागा तयार करतात. सॅक्सोफोन येतो तो अखेरच्या भागात. कव्वालही एकच मिसरा घोळवून मैफल तयार करतो, मगच आवाज चढवतो. नाव फिरऔनचे, पण तौहीद हा शब्द इथे सुराने कमावलेला आहे.

१९७० च्या तबकडीचे शीर्षक थेट कुरआनातले : 'सुम्मुन बुक्मुन उम्युन'. सूरह बकराच्या अठराव्या आयतीत बहिरे, मुके, आंधळे हे शब्द सत्याकडे पाठ फिरवणाऱ्यांसाठी आले आहेत. एका बाजूला ही रचना, दुसऱ्या बाजूला चर्चमधले भक्तिगीत. पवित्र शब्द असे शीर्षकाला घ्यावेत काय, हा प्रश्न आपल्या वाचकांना पडेल, आणि पडायलाही हवा. आमची कसोटी एवढीच, की शब्दाचे वजन सुराला पेलले पाहिजे. पहिल्या बाजूला तालवाद्यांची दाटी एवढी, की सूर हरवतो आणि शीर्षकच मोठे राहते. दुसऱ्या बाजूला सँडर्स संथ वाजवतात. तिथे शीर्षकाची आठवणही राहत नाही.

१९७८ च्या 'लव्ह विल फाइंड अ वे' मध्ये ते फारच गुळगुळीत झाले. पण १९९४ मध्ये मोरोक्कोतील गनावा परंपरेचे उस्ताद महमूद गिनिया यांच्यासोबतची त्यांची तबकडी आली आणि जुनी धग पुन्हा दिसली. ऐंशीव्या वर्षी, २०२१ च्या 'प्रॉमिसेस' मध्ये लंडनच्या सिंफनी वाद्यवृंदासोबत त्यांची फुंकर बहुतेक कुजबुजीसारखी आहे. २४ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांचे निधन झाले.

नव्या श्रोत्याने 'तौहीद' पासून सुरुवात करावी. सॅक्सोफोन येईपर्यंत मात्र उठू नये.