परिचारिकापट
परिचारिकांच्या जीवनावर बेतलेला, देहप्रदर्शनाच्या आमिषाआडून सामाजिक प्रश्न मांडणारा अल्पखर्ची अमेरिकन चित्रपटांचा एक प्रकार. रॉजर कॉर्मन (१९२६–२०२४) याने स्थापन केलेल्या न्यू वर्ल्ड पिक्चर्सने १९७०–७४ या काळात असे पाच चित्रपट प्रदर्शित केले. त्यांपैकी स्टेफनी रॉथमन (१९३६– ) हिने दिग्दर्शित केलेला द स्टूडंट नर्सेस (१९७०) हा पहिला व निःसंशय सर्वांत सरस होय.

ठराविक प्रमाणात नग्नता असावी, ही निर्मात्याची अट. ती पाळल्यावर उरलेल्या जागेत दिग्दर्शिकेला मोकळीक होती. लावणीने प्रेक्षक खिळवून ठेवावा आणि वगातून सत्ताधाऱ्यांवर कोरडे ओढावेत, ही तमाशाची रीत येथे सहज आठवते. नारायणगाव (ता. जुन्नर, जि. पुणे) येथील राहुट्यांत यात्रांच्या सुपाऱ्या ठरविणारा गावकरीही ती जाणतो. मात्र लावणी ही स्वतःच कला आहे. परिचारिकापटातील नग्नता हा केवळ जकातनाका ठरतो.

रॉथमनच्या चित्रपटात चार विद्यार्थिनी आहेत. एक मरणोन्मुख तरुणाची शुश्रूषा करून अखेर व्हिएतनामची वाट धरते, तर दुसरी मेक्सिकन वंशाच्या चळवळ्यांकडे ओढली जाते. तिसरीचे कथानक सर्वांत धारदार आहे. तिला गर्भपात हवा असतो. कॅलिफोर्नियाच्या १९६७ च्या कायद्यानुसार त्यास रुग्णालयीन समितीची संमती लागे; ती नाकारली जाते. मग मैत्रिणीच्या साहाय्याने एक डॉक्टर बेकायदा गर्भपात करतो. चौथीला हे अमान्य असते व मैत्रीत भेग पडते. दिग्दर्शिका कोणालाही शासन करीत नाही, की गर्भपात करविणाऱ्या मुलीला पश्चात्तापाच्या अश्रूंत बुडवीत नाही. भारतात वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये झाला. अमेरिकेत १९७३ मध्ये मिळालेले संविधानिक संरक्षण २०२२ मध्ये काढून घेण्यात आले. त्यामुळे हा भाग जुना झालेला नाही.

प्रायव्हेट ड्यूटी नर्सेस (१९७१) पासून कँडी स्ट्राइप नर्सेस (१९७४) पर्यंतच्या पुढील चार चित्रपटांत साचा उरला, धार बोथटली. नाइट कॉल नर्सेस (१९७२) मधील विनोद तेवढा उल्लेखनीय आहे. रॉथमनला मात्र १९७४ नंतर दिग्दर्शनाची संधी मिळाली नाही.

भारतीय चित्रपटांतील परिचारिका याच्या दुसऱ्या टोकाला आहे. असित सेन यांच्या दीप ज्वेले जाई (बंगाली, १९५९) व त्यावर आधारित खामोशी (हिंदी) या चित्रपटांत रुग्णावर प्रेमाचा अभिनय करणे हाच तिच्यावर सोपविलेला उपचार असतो आणि त्यात ती स्वतःच मनोरुग्ण होते. येथे देहाचे प्रदर्शन नाही, परंतु तिच्या मनाचा औषधासारखा वापर केला जातो. ते काम नाकारण्याचा तिला हक्क होता काय, हा प्रश्न पटकथा विचारीत नाही.