स्वमग्न कोणाला म्हणायचं?

‘ऑटिझम’साठी मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रुळला आहे. भाषांतर म्हणून त्यात चूक काढता येणार नाही. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘ऑटोस’, म्हणजे ‘स्व’, या ग्रीक शब्दावरून ‘ऑटिझम’ घडवला, तोही स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी. पुढे १९४३ साली लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन करताना तोच शब्द वापरला. पण इंग्रजी बोलणाऱ्याला त्यातला ‘ऑटोस’ सहसा ऐकू येत नाही. मराठीत मात्र ‘स्वमग्न’ कानावर पडताक्षणी कळतो. ध्यानमग्न, चिंतनमग्न यांच्या पंगतीतला हा शब्द. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस स्वतःत बुडालाय, बाहेरचं त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

टेम्पल ग्रँडिन यांचं ‘थिंकिंग इन पिक्चर्स’ (१९९५) वाचताना नेमका हाच समज टिकत नाही. ग्रँडिन स्वतः ऑटिस्टिक आहेत, पशुविज्ञानाच्या प्राध्यापक आहेत आणि गुरं हाताळण्याच्या यंत्रणा उभारण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्या बालपणात अडचण असते ती बाहेरचं फार पोचण्याची. शाळेची घंटा कानात कळ उठवते, नव्या कपड्याचं खरखरीत कापड अंगाला सोसवत नाही, कुणी मिठीत घेतलं की हवंहवंसं वाटतं आणि त्याच क्षणी गुदमरायला होतं. यावर अठराव्या वर्षी त्यांनी काढलेला तोडगा पुस्तकातला सर्वांत विलक्षण भाग आहे. मावशीच्या रँचवर लस टोचताना गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा पिंजरा त्यांनी पाहिला होता. तसाच एक त्यांनी स्वतःसाठी बनवला. दाब किती हवा, हे त्यात बसणाऱ्यानं ठरवायचं. हा प्रसंग त्या भावनेचं भरतं येऊ न देता, एखाद्या यंत्राची माहिती द्यावी तसा सांगतात. पुस्तकाचं बळ याच कोरडेपणात आहे.

गुरांच्या प्रकरणांत हे आणखी स्पष्ट होतं. अरुंद वाटेतून जाताना गुरं मध्येच अडतात. कामगार ओरडतात, टोचतात. ग्रँडिन स्वतः त्या वाटेत उतरून गुरांच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघतात, तेव्हा लोंबणारी साखळी, जमिनीवरची सावली, कुंपणावर टाकलेला कोट, असं काहीबाही दिसतं. ते हटवलं की गुरं चालू लागतात. दुसऱ्याच्या जागी उभं राहता येत नाही, हा ऑटिस्टिक माणसांवरचा नेहमीचा आरोप. इथे तर नेमकं तेच काम चाललंय, आणि न ऑटिस्टिक असलेल्यांना ते सुचलेलं नाही.

आपल्याकडे अनेकांना ऑटिझम पहिल्यांदा भेटला तो ‘माय नेम इज खान’मध्ये (२०१०). त्यातला रिझवान पिवळ्या रंगाला, गोंगाटाला घाबरतो. पण पटकथेला त्याची खरी गरज आहे ती बोललेलं शब्दशः घेणारा भाबडा म्हणून. बायको संतापात बोलते आणि तो खरोखरच राष्ट्राध्यक्षांना भेटायला निघतो. अडचणी एका पारड्यात, संतपण दुसऱ्या पारड्यात, आणि शेवटी हिशेब जुळतो.

ग्रँडिन असा हिशेब मांडत नाहीत. त्यांच्याकडे अडचण आणि ताकद वेगवेगळ्या वस्तू नाहीतच. मला हे निदान सव्विसाव्या वर्षी मिळालं, म्हणून हा मुद्दा मी पुस्तकाबाहेरही तपासू शकतो. हजारो ओळींच्या लॉगमध्ये एकच ओळ वेगळी असली तर ती माझ्या डोळ्यांत खुपते. त्याच डोळ्यांत समोरच्या भिंतीवरची फडफडणारी ट्यूबलाइटही दिवसभर खुपते. पहिल्याबद्दल टीममध्ये कौतुक होतं. दुसऱ्याबद्दल जागा बदलून मागितली, तर ‘जरा अॅडजस्ट कर’. गाळणी एकच आहे आणि तिची भोकं मोठी आहेत. चहा तेवढा घेतो आणि चोथा नको, असं म्हणून चालत नाही.

पुस्तकाला मर्यादाही आहेत. सगळे ऑटिस्टिक लोक चित्रांतच विचार करतात, असं ग्रँडिन यांनी आधी गृहीत धरलं होतं. नंतरच्या आवृत्तीत त्यांनी ते दुरुस्त केलं. मला स्वतःला चित्रं दिसत नाहीत, आकृतिबंध दिसतात. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. त्यांचा सगळा भर कौशल्यावर आणि त्यातून मिळणाऱ्या नोकरीवर आहे. ज्याला बोलता येत नाही, ज्याला जन्मभर कुणीतरी सोबत लागतं, त्याच्याही कानांना घंटा तशीच टोचते. त्याची कैफियत ऐकायला तो कामाचा असण्याची अट का असावी? माझ्यासारख्या पगारदाराला हे पुस्तक सहज जवळचं वाटतं, म्हणूनच हा प्रश्न मला जास्त बोचतो.

२०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे आणि त्याचं मराठी नाव एवढ्यात काही बदलणार नाही. नसेना का. घरात, वर्गात, ऑफिसात कुणी स्वमग्न म्हणून ओळखला जात असेल, आणि तो मध्येच अडला, गप्प झाला, उठून गेला, तर ‘याच्या मनात काय चाललंय’ याआधी ग्रँडिन यांचा प्रश्न विचारून बघावा: इथे साखळी कुठे लोंबतेय?