टीकेची नंदभाषा

जुन्या पेठांतील दलाल गिऱ्हाइकाच्या समक्ष भाव ठरवीत, आणि तरीही गिऱ्हाइकास त्याचा थांग लागत नसे. 'एक' म्हणावयाचे तेथे ते 'केवली' म्हणत. 'दोन' म्हणावयाचे तेथे 'अवारू'. या बोलीस नंदभाषा हे नाव असून मोल्सवर्थच्या कोशातही तिची नोंद आहे. समोरच्या माणसास ऐकू जावे पण कळू नये, हा तिचा हेतू होय. अलीकडचे काही टीकालेख वाचताना आम्हांस या नंदभाषेचे वारंवार स्मरण होते.

परिभाषा मुळातच त्याज्य आहे, असे मात्र आमचे म्हणणे नाही. गावनमुना 7 मध्ये जमिनीवरील हक्कांची नोंद, तर नमुना 12 मध्ये पिकांची. या दोहोंचा मिळून 'सातबारा' झाला. हा शब्द कचेरीत जन्मला खरा, परंतु ज्याने कधी पाटी हाती धरली नाही तो शेतकरीही आज तो बिनचूक वापरतो, कारण त्यामागील वस्तू त्याच्या जिव्हाळ्याची आहे. साहित्यशास्त्रातील विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव हे शब्दही असेच कामाचे. भरताच्या रससूत्रातील 'निष्पत्ति' म्हणजे काय, यावर भट्टलोल्लट, शंकुक आणि अभिनवगुप्त यांचे मुळीच एकमत नव्हते. पण वाद कशाविषयी चालला आहे, हे प्रत्येकास ठाऊक होते. जी परिभाषा मतभेद नेमका करते ती विद्येची दासी होय.

परिभाषेचा दुसरा उगम आत्मरक्षणात आहे, आणि त्याचे मोल किती द्यावे लागते हे मराठी वाङ्मयाइतके क्वचितच कोणी अनुभवले असेल. महानुभाव परंपरा असे सांगते की, केशोबासांनी संस्कृतात रचना आरंभिली तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांस अडविले. संस्कृतामुळे पंथातील वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील, ही त्यांची चिंता होती. म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' याच वृत्तीने साध्या बोलीत उतरले. पुढे त्याच पंथाने आपले ग्रंथ जपण्यासाठी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांचा आश्रय केला. ग्रंथ सुरक्षित राहिले. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी त्या लिपीची किल्ली शोधीपर्यंत पंथाबाहेरील मराठी वाचकास आपल्या भाषेतील हे अमोल गद्य जवळजवळ अज्ञातच होते. म्हाताऱ्यांसाठी उघडलेले दार शेकडो वर्षे बंद राहिले!

आमच्या टीकाकारांपाशी मात्र असे जपण्याजोगे गुपित कोणते आहे? 'या कथेत नायिकेचे एकटेपण चांगले उतरले आहे' एवढेच सांगावयाचे असता 'एकाकित्वाच्या जाणिवेचा अवकाश संरचनेच्या पातळीवर व्यक्त होतो' असे लिहिण्याने कथेविषयी कोणती नवी गोष्ट कळली? येथे शब्द नेमकेपणासाठी येत नाहीत, रक्षणासाठीही येत नाहीत. ते प्रतिष्ठेसाठी येतात. साधे लिहिले तर विधान उघडे पडते, आणि उघड्या विधानास कोणीही 'कशावरून?' असे विचारू शकतो. शब्दांच्या या तटाआड तो प्रश्न पोहोचतच नाही.

याची झळ लागते ती वाचकास. दिवसभराच्या कामानंतर घरातील कोणी मासिक हाती घेतो, दोन पाने वाचतो, आणि आपलीच बुद्धी अपुरी अशी खंत करून ते मिटून ठेवतो. अशा घरांच्या आधारावरच मराठी मासिके जगत आली आहेत. दोष लेखकाचा असताना शरम वाचकाने बाळगावी, हा न्याय उलटा आहे.

म्हणून आमची कसोटी अगदी साधी आहे. पारिभाषिक शब्द काढून तेच विधान आपल्या घरातील माणसास सांगून पाहावे. अर्थ उणावला, तर शब्द आवश्यक होता. तो निःशंक ठेवावा आणि एकदा समजावून द्यावा. अर्थ तसाच राहिला, तर शब्द केवळ अलंकार होता. आणि अर्थ मुळी उरलाच नाही, तर तो प्रथमपासूनच नव्हता, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. या कसोटीस आमचेही काही जुने लेख उतरणार नाहीत, हे आम्ही जाणून आहोत. परंतु दलालास निदान रुमालाखाली लपविण्यासारखा भाव तरी असे. आपल्या रुमालाखाली काय आहे, हे टीकाकाराने लेखणी उचलण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे.