कोशातला शब्द आणि कंसातले अक्षर

शब्दकोश चाळताना अनोळखी शब्द भेटल्याचा आनंद भाषेच्या अभ्यासकांना परिचित आहे. मात्र हा आनंद एकाच जातीचा असतो, असे गृहीत धरण्याची आपल्या समीक्षेची सवय तपासून पाहणे आवश्यक आहे.

'निढळ' हा शब्द घेऊ. 'निढळाच्या घामाची कमाई' असे आपण सहज म्हणतो आणि निढळ म्हणजे प्रामाणिक कष्ट, असा काहीसा अर्थ मनाशी धरून चालतो. कोश सांगतो की निढळ म्हणजे कपाळ. त्यासरशी झिजून गुळगुळीत झालेल्या वाक्प्रचारातून घामाने डबडबलेले कपाळ पुन्हा दिसू लागते. 'सुतराम'ची गतही अशीच. संस्कृतात 'अधिकच', 'अतिशय' असा अर्थ असलेला हा शब्द मराठीत 'सुतराम संबंध नाही' अशा नकाराच्या आश्रयानेच उरला आहे. आपण रोज वापरत असलेली भाषाच आपल्याला पुरती ठाऊक नव्हती, ही जाणीव या आनंदाच्या मुळाशी असते.

दुसऱ्या प्रकारचा आनंद मात्र अधिक जोखमीचा आहे. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त (१९३२-३८) कित्येक शब्दांपुढे कंसात एखादे अक्षर असते: 'व.' म्हणजे वऱ्हाडी, 'गो.' म्हणजे गोमंतकी. पुण्या-मुंबईच्या वाचकाला असा शब्द 'सापडतो', तेव्हा तो कोणाच्या तरी घरात नित्य बोलला जात होता, कदाचित आजही बोलला जात असेल, याची साक्ष ते अक्षर देत असते. म्हणजे येथे दुर्मिळता शब्दाची नसते. ती वाचकाच्या परिचयाची मर्यादा असते.

हा भेद न केल्याने समीक्षेत एक अन्याय घडतो. बोलीत लिहिलेल्या कादंबरीला 'दुर्मिळ शब्दांचा खजिना' म्हणून दाद दिली जाते. ही दाद उदार वाटते खरी, पण तीत प्रमाणभाषकाचे अज्ञान हेच मूल्यमापनाचे माप ठरते आणि त्या बोलीत जगणारी माणसे संग्रहालयातील वस्तूंच्या रांगेत जाऊन बसतात. कादंबरीतील शब्द कोणत्या पात्राच्या तोंडी, कोणत्या ताणातून आला, हा खरा वाङ्मयीन प्रश्न त्यामुळे बाजूलाच राहतो.

कोशवाचनाचा आनंद समीक्षकाने अवश्य घ्यावा. मात्र नव्याने भेटलेला शब्द भाषेने गमावलेला आहे की केवळ आपल्या कानांपर्यंत न पोचलेला, हे ठरवल्याविना त्या आनंदाला वाङ्मयीन निकषाचा दर्जा देऊ नये.